वारा बघून होळी पेटवा: प्रेअरीतल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
ओक्लाहोमा, कॅन्सस आणि टेक्सासमधल्या मराठी मंडळांचे पदाधिकारी, सभासद आणि या वर्षी पहिल्यांदाच इकडे आलेले विद्यार्थी यांना,

स.न.वि.वि.

विनंती एकच आहे, ती आधी सांगते आणि मग कारणं देते. ज्या दिवशी आपल्या काउंटीत रेड फ्लॅग वॉर्निंग (आग लागली तर झपाट्याने पसरेल असं हवामान असल्याचा वेदर सर्व्हिसचा इशारा) असेल त्या दिवशी होळी पेटवू नका. दुसऱ्या दिवशीसाठी वॉर्निंग किंवा फायर वेदर वॉच (तसं हवामान होण्याची शक्यता आहे असं आधी सांगणारी सूचना) लागलेला असेल तर आदल्या संध्याकाळीही पेटवू नका. पौर्णिमा टळली तरी चालेल. पुरणपोळ्या करा, नैवेद्य दाखवा, नारळ वाढवा, पोरांना पोटभर बोंबा मारू द्या. पण काडी ओढू नका.

१३ मार्च २०२५ च्या संध्याकाळी होळी पौर्णिमा होती. त्या रात्री अमेरिकेतून खग्रास चंद्रग्रहणही दिसणार होतं, त्यामुळे मंडळांच्या ग्रुपवर दोनच विषय होते: होळी ग्रहणाआधी आटपायची का, आणि पुरण कोण करणार. तिसरा विषय असायला हवा होता तो वाऱ्याचा. नॅशनल वेदर सर्व्हिस दोन-तीन दिवस आधीपासून सांगत होती की शुक्रवार वाईट आहे. नॉर्मनच्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरने त्या शुक्रवारसाठी आगीच्या हवामानाची सगळ्यांत वरची पातळी जाहीर केली होती. ही पातळी वर्षातून फार थोड्या वेळा वापरली जाते.

आणि तसंच झालं. १४ मार्चला, म्हणजे धुळवडीच्या दिवशी, एकट्या ओक्लाहोमात १३० हून जास्त आगी लागल्या. ४०० हून जास्त घरं जळली किंवा त्यांचं मोठं नुकसान झालं, माणसंही गेली. वाऱ्याचे झोत काही ठिकाणी ताशी १२० किलोमीटरच्या वर होते. स्टिलवॉटरच्या पश्चिमेकडच्या वस्त्या रिकाम्या कराव्या लागल्या. हे विद्यापीठाचं गाव आहे, आपल्याकडची कितीतरी मुलं इथे ओक्लाहोमा स्टेटला शिकायला येतात. त्याच वादळाने कॅन्ससच्या पश्चिमेला इंटरस्टेट ७० वर इतकी धूळ उठवली की गाड्यांवर गाड्या आदळून ८ जण दगावले. मी स्टिलवॉटरजवळच राहते. दुपारी आकाश तांबूस झालं होतं, सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं, आणि धूळ कुठली आणि धूर कुठला हे फक्त वासावरून कळत होतं.

त्या दिवशीची एखादी आग आपल्या कुणाच्या होळीने लागली असं मी मुळीच म्हणत नाही. माझं म्हणणं तारखांबद्दल आहे. या मैदानांवरच्या मोठमोठ्या आगींच्या तारखा पंचांगाशेजारी ठेवून बघा.

२००६ मध्ये १२ मार्चला टेक्सासच्या पॅनहँडलमध्ये, म्हणजे राज्याच्या उत्तर टोकाच्या पट्ट्यात, ईस्ट अमॅरिलो कॉम्प्लेक्स नावाने ओळखली जाणारी आग लागली. नऊ लाखांहून जास्त एकर जळाले, १२ माणसं गेली. पौर्णिमा दोन दिवसांवर होती. २०१६ मध्ये अँडरसन क्रीकची आग ओक्लाहोमाच्या वुड्स काउंटीत पेटून कॅन्ससमध्ये शिरली, तिची तारीख २२ मार्च. इथल्या घड्याळाप्रमाणे ती फाल्गुन पौर्णिमेचीच संध्याकाळ होती. २०१७ मध्ये ६ मार्चला एकाच दिवशी तीन राज्यं पेटली. टेक्सासमध्ये गुरं वाचवायला गेलेले तीन तरुण त्या दिवशी परत आले नाहीत. होळी त्याच आठवड्याच्या शेवटी होती. २०२२ मध्ये टेक्सासच्या ईस्टलँड काउंटीत आग लागून कार्बन नावाचं छोटं गाव होरपळलं आणि लोकांना घराबाहेर काढता काढता शेरीफच्या कार्यालयातली एक अधिकारी बाई गेली. तो दिवस १७ मार्च, होळीचाच. २०२५ वर लिहिलंच आहे.

यात ग्रहताऱ्यांचा काही संबंध नाही. फाल्गुन पौर्णिमा फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या शेवटापर्यंत कुठेतरी येते आणि या मैदानांचा आगीचा हंगामही नेमका तेव्हाच ऐन भरात असतो. हिवाळ्यात गवत मरून पिवळं पडलेलं, नवीन पालवी अजून फुटलेली नाही आणि वसंताचा वारा सुरू झालेला. एप्रिलच्या मध्यानंतर हिरवं दिसायला लागलं की धोका उतरतो. आपला सण बरोबर मधल्या खिंडीत सापडतो.

नव्याने आलेल्यांसाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण सह्याद्रीतला वणवा बघून आलेल्या माणसाची इथे फसगत होते. आपल्याकडचा वणवा डोंगर चढतो. उतारावर खाली यायला त्याला वेळ लागतो, आणि वैशाखापर्यंत तो चालू असला तरी गावातून रात्री डोंगरावर माळ दिसते एवढ्यावरच पुष्कळदा भागतं. इथे डोंगर नाही. आग सपाटीवर धावते आणि तिला ढकलतो तो वारा. हा वारा न्यू मेक्सिकोच्या उंच पठारावरून नैर्ऋत्येकडून खाली उतरतो. उतरता उतरता तापतो, कोरडा होतो. दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली जाते, वाईट दिवशी दहाच्याही खाली. अशा हवेत वाळलेलं गवत तासाभरात सुकतं. म्हणून "कालच तर पाऊस पडला" हे इथे कारण होऊ शकत नाही. काल पडलेला पाऊस जाड लाकडात राहतो, गवतात राहत नाही. आदल्या वर्षी पाऊस चांगला झाला असेल तर उलट काळजी जास्त, कारण तेवढं गवत वाढलेलं असतं.

दुसरी गोष्ट गारव्याची. धोका म्हणजे उन्हाळा, ही आपली सवयीची समजूत. मार्चमध्ये इथे अंगात जॅकेट घालून उभं राहावं लागतं आणि तरीही ती दुपार वर्षातली सगळ्यांत धोक्याची असू शकते. थर्मामीटर बघून अंदाज बांधू नका, वारा आणि आर्द्रता बघा.

तिसरी सगळ्यांत फसवी. दिवसभर नैर्ऋत्येचा वारा आग ईशान्येकडे नेतो, तेव्हा ती लांबट पट्ट्यासारखी पसरते: पुढचं तोंड अरुंद आणि दोन्ही बाजू मैलोन्‌मैल लांब. मग संध्याकाळी किंवा रात्री थंड हवेची आघाडी येते आणि वारा एकदम उत्तरेकडून वाहायला लागतो. त्या क्षणी पट्ट्याची अख्खी दक्षिण बाजू आगीचं तोंड होते. दुपारी आपल्यापासून लांब चाललेली आग रात्री आपल्याकडे वळते. २०२४ च्या फेब्रुवारीत स्मोकहाऊस क्रीकच्या आगीचं असंच झालं. २६ तारखेला पॅनहँडलमध्ये विजेच्या तारांमुळे ती लागली, दुसऱ्या दिवशी वारा फिरला आणि ती दक्षिणेला पसरली. दहा लाखांहून जास्त एकर जळाले. टेक्सासच्या इतिहासात नोंदलेली ती सगळ्यांत मोठी आग. त्या आठवड्यात पॅनहँडलमध्ये हजारो गुरं मेली. जी वाचली त्यातल्या पुष्कळांच्या कासा आणि खूर भाजले होते, ती नंतर मालकांना स्वतःच्या हाताने मारावी लागली. गोठ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे वाचून काय होतं ते मी वेगळं सांगायला नको.

आता आपल्या होळीकडे येते.

मंडळाची होळी बहुतेक वेळा कुणाच्या तरी एकरभर जागेत होते. शहरातल्या पार्कात जाळ करायला परवानगी लागते, शेतात कुणी विचारत नाही. लाकूड विकत कशाला आणायचं म्हणून कुंपणालगतच्या सीडरच्या फांद्या तोडून रचतात. ईस्टर्न रेडसीडर म्हणतात त्याला. तो इथे तणासारखा माजलाय, मालकही खूश होतो. फांदी हातात चुरगळून बघा, पेन्सिलीला टोक काढताना येतो तोच वास येतो, कारण पूर्वी पेन्सिली याच लाकडाच्या करायच्या. त्या वासातच सगळं आलं. पानांत तेल भरलेलं असतं. ओली हिरवी फांदीसुद्धा आगीवर टाकली की तडतडून पेटते आणि ठिणग्यांचा फवारा वर जातो. मुलं टाळ्या वाजवतात. आणि त्या ठिणग्या कुठे उतरल्या ते अंधारात कुणी बघत नाही. होळीसाठी सीडर वापरू नका, हे मी वॉर्निंग असो नसो सगळ्याच दिवसांसाठी म्हणते. ओकचं वाळलेलं लाकूड घ्या, थोडंच घ्या, आणि कमरेच्या वर रचू नका.

पण माझी खरी काळजी होळीच्या रात्रीपेक्षा दुसऱ्या दिवसाची आहे. आपल्याकडे होळी विझवत नाहीत. ती शांत होऊ देतात. धुळवडीला सकाळी त्याच निखाऱ्यांवर पाणी तापवून अंघोळ करायची, राख अंगाला लावायची, हे आपण घरी बघत आलो. विझवणं अशुभ वाटतं. कितीतरी ज्येष्ठ मंडळी "पाणी नका ओतू रे" म्हणतात, आणि त्यांचा मान ठेवून आपण ढीग तसाच सोडून गाडीत बसतो. सकाळी जाऊन बघितलं तर वरून सगळं गार: पांढरी मऊ राख, मधेच नारळाच्या करवंटीचा काळा तुकडा. काठीने बोटभर उकरलं की खाली लाल. असा निखारा चोवीस तास सहज टिकतो. आता १३ मार्चची रात्र आणि १४ मार्चची दुपार डोळ्यांसमोर आणा. रात्री वारा बेताचा, होळी छान झाली, सगळे पोळ्या खाऊन घरी गेले. दुपारी एकला शंभरच्या वेगाने सोसाट्याचा वारा, त्या शेतावर माणूस नाही, आणि राखेखाली निखारे. म्हणून मी आदल्या संध्याकाळचा आग्रह धरते. ज्या दिवशी तुम्ही होळी पेटवता त्या दिवसाचं हवामान चांगलं असणं पुरेसं नाही, तिच्या दुसऱ्या दिवसाचंही चांगलं असायला हवं.

आणि ज्या दिवशी पेटवाल त्या रात्री विझवूनच निघा. पाणी ओता, फावड्याने ढवळा, परत ओता, परत ढवळा. शेवटी हाताची पालथी बाजू राखेजवळ नेऊन बघा, ऊब लागली तर अजून पाणी. अंगाला लावायला राख हवी असेल तर ओली राखही चालते, पत्र्याच्या डब्यात भरून न्या. होळी शांत करताना दूध-पाण्याची धार धरण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे, तिचाच पुढचा भाग समजून बादल्या रिकाम्या करा.

तिथी कशी टाळायची, असं विचारणारे आपल्यात पुष्कळ आहेत आणि त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. त्यांना माझं उत्तर पंचांगातूनच. पौर्णिमेला संध्याकाळी भद्रा असेल तर आपण होळी पेटवत नाही, भद्रा उतरायची वाट बघतो. म्हणजे वेळ वाईट असेल तर थांबायचं, हे शास्त्रालाच मान्य आहे. कोकणात तर काही गावांचे शिमगे तेरसे, म्हणजे त्रयोदशीचे, आणि काही गावांचे भद्रेचे. दोन्ही गावांत देव पालखीत बसून बाहेर निघतो आणि कुणी कुणाला नावं ठेवत नाही. आणि आपण इथे काय करतो? गणपती शनिवारी आणतो आणि रविवारी उठवतो, कारण सोमवारी ऑफिस असतं. ऑफिससाठी गणपती हलतो, तर शेजाऱ्याच्या घरासाठी होळी पाच दिवस पुढे जायला हरकत नसावी. रंगपंचमीपर्यंत आपला सण चालूच असतो. रंगपंचमीच्या दिवशीही वारा असेल तर या वर्षी समईसमोर बसून पूजा करा, आग पुढच्या वर्षी.

कुणी म्हणेल, इथले लोक स्वतःच तर मार्च-एप्रिलमध्ये मैलच्या मैल कुरणं पेटवतात. बरोबर आहे, आणि मला त्याबद्दलच जास्त लिहायचंय, कारण आपण शिकावं ते त्यांच्याकडून. कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये आणि ओक्लाहोमाच्या ओसेज काउंटीत दर वसंतात रँचर, म्हणजे कुरणांवर गुरं पाळणारे, गवत जाळतात. उंच गवताची प्रेअरी आगीवरच जगते. जुनं गवत जळलं की कोवळं फुटतं, गुरांना ते आवडतं, आणि सीडरची रोपं लहानपणीच मरतात. ओसेज आणि इथल्या इतर मूळ लोकांनी शेकडो वर्षं हे केलं. नंतर आलेल्या वसाहतीच्या लोकांनी आग म्हणजे शत्रू असं धरून ती दाबली आणि सीडर मैदानभर पसरला. आज पुष्कळ आगींत तोच घरांपर्यंत ज्वाळा आणून पोचवतो. पॉहस्काजवळच्या टॉलग्रास प्रेअरी प्रिझर्व्हमध्ये एप्रिलमध्ये जाऊन बघा. काळ्या जळक्या पट्ट्यात दोन आठवड्यांत हिरवं येतं आणि बायसनचे कळप नेमके तिथेच चरत असतात. गाडीची काच खाली केली की जळल्या गवताचा वास आणि ओल्या मातीचा वास एकत्र येतो. होळीत वाळलेला पालापाचोळा जाळून नव्या ऋतूला जागा करून देणारे आपले पूर्वज आणि हे लोक, दोघांच्या मनात फारसं अंतर नव्हतं असं मला तिथे उभं राहिलं की वाटतं.

पण हा रँचर काडी ओढण्याआधी काय करतो ते बघितलंय का? तो आठवडाभर अंदाज बघतो. आर्द्रता फार कमी असेल तर थांबतो, वारा जास्त असेल तर थांबतो, वारा अजिबात नसेल तरीही थांबतो, कारण नसलेला वारा कुठून सुटेल ते सांगता येत नाही. आधी वाऱ्याच्या पुढच्या बाजूला काळा पट्टा जाळून घेतो, म्हणजे मोठी आग तिथे येऊन थांबेल. ट्रकवर पाण्याची टाकी आणि पंप. शेरीफच्या ऑफिसला आणि फायर डिपार्टमेंटला आधी फोन. शेजाऱ्यांना सांगणं. बऱ्याच काउंट्यांत त्यांच्या बर्न असोसिएशन आहेत, एकमेकांच्या जाळाला माणसं आणि अवजारं घेऊन जातात. आणि एवढं सगळं जमवून ठेवलेलं असताना वॉर्निंग आली तर तो निमूट घरी जातो. पिढ्यान्‌पिढ्या आगीशी वागलेला माणूस जिथे थांबतो तिथे वर्षातून एकदा होळी पेटवणाऱ्या आपण थांबायला काय हरकत आहे?

माहिती मिळवणं अवघड नाही. ओक्लाहोमात मेसोनेट आहे. राज्याच्या ७७ पैकी प्रत्येक काउंटीत तिचं निदान एक हवामान केंद्र आहे आणि वारा, आर्द्रता दर पाच मिनिटांनी फुकट बघायला मिळते. आपल्याच दोन विद्यापीठांनी मिळून ती चालवली आहे, आपलीच मुलं तिथे शिकतात. वेदर सर्व्हिसच्या पानावर काउंटीवर बोट ठेवलं की वॉच आणि वॉर्निंग दिसतात. काउंटीची बर्न बॅन, म्हणजे उघड्यावर जाळ करायला बंदी, आहे का ते वेगळं बघावं लागतं, ती काउंटी कमिशनर लावतात, आणि तिच्या काळात जाळ करणं हा गुन्हा आहे. एक लक्षात ठेवा: बर्न बॅन नाही म्हणजे धोका नाही असं नव्हे. बैठक व्हायची असते, ठराव व्हायचा असतो, वारा त्यासाठी थांबत नाही. तसंच महिनाभर आधी घेतलेल्या पार्कच्या परवानगीचंही. परवानगी देणाऱ्याला त्या दिवशीचं हवामान माहीत नव्हतं.

आता ज्यांचे आईवडील सध्या इकडे आलेले आहेत त्यांच्यासाठी. तिकडचा उन्हाळा टाळायला पुष्कळ जण फेब्रुवारी-मार्चमध्येच येतात. १४ मार्च शुक्रवार होता. दुपारी घराघरांत फक्त आजी-आजोबा होते. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत. गाडी असली तरी चालवता येत नाही. आणि ज्या फोनवर ते सकाळी नाशिकला किंवा सांगलीला व्हिडिओ कॉल करतात त्यात इथलं सिम नसतं, तो घरच्या वायफायवर चालतो. मोबाईलवर सरकारी इशारा कर्णकर्कश वाजत येतो ना, तो मोबाईलच्या टॉवरवरून येतो. नुसत्या वायफायवर असलेल्या फोनवर तो वाजत नाही. तीन गल्ल्या पलीकडे लोक घरं सोडून निघालेले असतील आणि आपली आई स्वयंपाकघरात चहा टाकत असेल, हे होऊ शकतं. त्यांना इथलं स्वस्तातलं सिम घालून द्या. आठवड्याभरात शेजाऱ्याशी त्यांची ओळख करून द्या, नुसतं हात हलवण्याची नाही, "वेळ आली तर यांना गाडीत घ्याल का" असं स्पष्ट विचारून. मी माझ्या शेजारणीला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की मांजराचा पिंजरा पुढच्या सीटवर असेल, बाबांना मागे बसावं लागेल. पासपोर्ट, औषधं, चष्मा, श्रवणयंत्राची बॅटरी एका पिशवीत दाराजवळ ठेवा. आणि तुळशीपुढचा दिवा, उदबत्ती वॉर्निंगच्या दिवशी घरातच लावायची हे त्यांना समजावून सांगा. डेकवरच्या लाकडी फळ्या वाळलेल्याच असतात.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी दोनच गोष्टी. रेंटर्स इन्शुरन्स घ्या, महिन्याला पिझ्झाएवढा खर्च आहे आणि अपार्टमेंट जळलं तर घरमालकाचा विमा तुमचा लॅपटॉप भरून देत नाही. आणि व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेला आय-ट्वेंटी, पासपोर्ट, पदवीची प्रमाणपत्रं यांचे फोटो आजच ईमेलवर टाकून ठेवा. बाकी वाऱ्याच्या दिवशी बाहेर सिगारेट नको, ग्रिल नको, वाळलेल्या गवतावर गाडी उभी करणं नको.

हे सगळं विझवायला कोण येतं, हेही मंडळाच्या सभेत एकदा बोलायला हवं. शहर सोडलं की इथली बहुतेक फायर डिपार्टमेंट स्वयंसेवकांची आहेत. कुणी शाळेत शिकवतो, कुणी पेट्रोल पंप चालवतो, कुणी निवृत्त आहे. पेजर वाजला की हातातलं टाकून निघतात आणि त्याचा पगार त्यांना मिळत नाही. १४ मार्चला एकाच वेळी इतक्या आगी होत्या की एका गावाच्या गाडीला दुसऱ्या गावच्या मदतीला जाता येईना. अशा दिवशी आपल्या होळीच्या जागेवरून एक जरी फोन गेला तर तो कुणाच्या तरी घरावरची गाडी ओढून आणतो. मंडळाच्या वर्गणीतून दर वर्षी थोडी रक्कम जवळच्या स्वयंसेवी दलाला द्यावी असं मी सुचवते. ती गणपतीच्या खर्चात जाणवणारही नाही आणि त्यांचा एक पाइप, एक जोड हातमोजे येईल. शिवाय होळीच्या जेवणाला त्यांना बोलवा. ते आले की जागा कशी निवडायची, आग किती मोठी करायची, पाणी किती ठेवायचं हे सगळं पोळी खाता खाता सांगतील, आणि ते माझ्या पत्रापेक्षा शंभर पटींनी उपयोगाचं असेल.

पदाधिकाऱ्यांनी करायचं काम थोडं आहे. होळीच्या निमंत्रणात दोन तारखा छापा, पौर्णिमेची आणि पर्यायी. निर्णय कोण घेणार त्या एका माणसाचं नाव ठरवा आणि त्याने नाही म्हटलं की वाद घालू नका. जागा ठरवताना पाण्याचा नळ आहे का ते आधी बघा, पार्किंग गवतावर आहे का ते बघा. पेटवायच्या दिवशी सकाळी शेरीफच्या तातडीच्या नसलेल्या नंबरवर फोन करून सांगा. आणि निमंत्रणाच्या खाली पुढची ओळ तशीच्या तशी घ्या, हवी तर सुधारून घ्या:

"होळीदहन हवामान पाहून होईल. रेड फ्लॅग वॉर्निंग असल्यास किंवा दुसऱ्या दिवसासाठी फायर वेदर वॉच वा वॉर्निंग असल्यास होळी पेटवली जाणार नाही. पूजा, नैवेद्य आणि जेवण ठरल्या वेळी होईल. निर्णय आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत कळवू."

माझ्या ओळखीच्या दोन मंडळांनी ही ओळ घ्यायचं कबूल केलंय. बाकीच्यांनी पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत विषय घ्यावा. कुणाला काही शंका असेल, विरोध असेल, तर बैठकीला मला बोलवा, मी गाडी चालवत येईन. आणि नैवेद्याच्या पोळ्या मी करून आणीन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
स्टिलवॉटरजवळ राहणारी एक मंडळ-सभासद
पेन काउंटी, ओक्लाहोमा